साडेचार सेंटिमीटर

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी नऊला पिकअप तपासणीला नेली. नापास झाली. अकराला परत आलो. दुपारी रोपांना पाणी घातलं.

तपासनिसाने कागदावर लिहून दिलं आहे: मागील उजवी बाजू साडेचार सेंटिमीटर खाली, कमानी (मागच्या चाकांवरच्या पाट्यांच्या स्प्रिंगा) दुरुस्त करून २८ तारखेला पुन्हा आणावी. तेव्हाही नापास झाली तर परवाना रद्द. मी घरी येऊन स्वतः मोजलं. चार पूर्णांक सहा आलं. आयुष्यभर भूमापन खात्यात जमिनी मोजल्या, त्यामुळे दुसऱ्याच्या मोजमापावर विश्वास बसत नाही. पण एक मिलिमीटरसाठी वाद घालणं बरं दिसलं नसतं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. तिला वाटतं मी इथे एकटा राहू नये. ही, म्हणजे तिची आई, जुलैत गेली, तेव्हापासून ती हेच म्हणते आहे. तिच्या घरी आठव्या मजल्यावर माझ्यासाठी खोली तयार आहे, रंगसुद्धा दिला आहे. आज म्हणाली, "बाबा, सरळ हिशेब. गाडी नाही तर रोपवाटिका नाही, आणि रोपवाटिका नाही तर तिथे बसून तुम्ही काय करणार? २८ला पास झाली तर राहा. नाही झाली तर सामान बांधा. कबूल?"

मी कबूल म्हणालो. रोपवाटिका हिची होती. मी फक्त कुंड्या उचलायचो.

४ नोव्हेंबर, मंगळवार

कमानवाला मिस्त्री येऊन गाडी पाहून गेला. त्याचं वर्कशॉप चार गल्ल्या पलीकडे आहे, पण तिथे पिकअप मावत नाही. म्हणून गाडी आमच्याच आवारात खोलायची, कमानींचे पाटे तिकडे नेऊन ठोकायचे आणि इथे आणून बसवायचे असं ठरलं.

त्याने गाडीखाली सरपटत जाऊन टॉर्च मारला आणि तिथूनच ओरडला, "साहेब, ही गाडी तुम्ही चालवायचा की हिच्यावर रागवायचा?"

हिची एक लकब होती. गाडीच्या मागच्या डाव्या फळीचा कोयंडा अडकायचा, म्हणून ही सगळ्या जड कुंड्या उजव्या बाजूने चढवायची आणि तिथेच ठेवायची. बावीस वर्षं. मी दोनदा म्हटलं होतं की वजन वाटून ठेव. ही म्हणाली होती, "तुम्ही कागदावरच वाटण्या करा."

मिस्त्रीला एवढं सगळं सांगितलं नाही. "जुनी आहे," म्हणालो.

मेहुणी चहा घेऊन बाहेर आली. हिची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, गेल्या वर्षी नोकरीतून निवृत्त झाली. जुलैत पंधरा दिवसांसाठी म्हणून आली, ती अजून आहे. मिस्त्री गाडीखालून बाहेर आला, तोंडभर काळं तेल. तिला म्हणाला, "ताई, साखर जरा कमी."

मेहुणी म्हणाली, "आधी तोंड धुवा, मग चव कळेल."

६ नोव्हेंबर, गुरुवार

बोल्ट सुटत नाहीत. गंजून एकजीव झाले आहेत. मिस्त्रीने त्यांच्यावर तेल सोडलं आणि म्हणाला, तीन दिवस मुरू दे.

गाडी ठोकळ्यांवर आहे. मी उगाच आत जाऊन बसलो. सीट हिच्या मापाने पुढे ओढलेली आहे. माझे गुडघे स्टिअरिंगला लागतात. मागे सरकवायची खिटी आहे, पण ती घट्ट झाली असावी. पाहिलं नाही.

सीट सलग आहे, एकाच लांब गादीची. गाडी उजवीकडे कललेली, त्यामुळे मी शेजारी बसलो की घसरत हिच्या अंगावर जायचो. ही कोपराने ढकलायची. "अहो, सरका तिकडे! गियर कुठे आहे नि तुम्ही कुठे आहात!" दारावर धरायला कडी आहे. ती धरली की माणूस घसरत नाही. मी ती दर वेळी धरायचोच असं नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

बोल्ट अजून मुरत आहेत. मिस्त्री शुक्रवारी, शनिवारी, रविवारी आणि आज, असा रोज येऊन तेल कितपत मुरलं ते पाहून गेला. पाहायला साधारण पाऊण तास लागतो. त्यात चहाही होतो. एवढी काळजी घेणारा कारागीर आजकाल मिळत नाही.

आज मेहुणीने मला विचारलं, "भावजी, शॅकल म्हणजे काय हो?" मी सांगणार होतो की कमानीचं मागचं टोक जिच्यात झुलतं ती कडी, तर म्हणाली, "म्हणजे मला माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे का ते पाहत होते."

११ नोव्हेंबर, मंगळवार

सगळे बोल्ट सुटले. शेवटचा गॅसने कापावा लागला. मेहुणी ठिणग्या पाहायला उभी राहिली. मिस्त्रीने आपला काळा चष्मा तिला दिला आणि स्वतः डोळे बारीक करून कापलं. हे कामाच्या नियमात बसत नाही. मी तसं म्हणालो. तो म्हणाला, "साहेब, मला सवय आहे." त्यानंतर दिवसभर डोळे चोळत होता.

दोन्ही कमानी खाली घेतल्या. एकेका कमानीत पाच पोलादी पाटे, एकावर एक. वरचा सर्वांत लांब, खालचे आखूड होत गेलेले. उजव्या कमानीचे पाटे जवळजवळ सपाट झाले आहेत. मी प्रत्येक पाट्यावर खडूने खूण केली: उजवा एक ते पाच, डावा एक ते पाच. मापं वहीत उतरवली. उजव्याच्या वरच्या पाट्यावर पुढच्या टोकाजवळ गंजाने खाल्लेला एक खड्डा आहे, चिंचोक्याएवढा. तेही लिहून ठेवलं.

मिस्त्री म्हणाला, "साहेब, एवढं तर आमच्या गुरूने पण लिहिलं नव्हतं."

मेहुणी म्हणाली, "आमचे भावजी भाजीसुद्धा मोजून खातात."

दोघे बराच वेळ हसले. मी हसलो नाही, कारण ते खरं आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पाटे वर्कशॉपमध्ये नेले. मेहुणी बरोबर आली. कशासाठी, विचारलं, तर म्हणाली, "डोळ्यासमोर काम झालेलं बरं. माल बदलतात लोक." ताईचा जीव होता त्या गाडीत, असंही म्हणाली. ते मला बरं वाटलं.

मिस्त्री पाटा ऐरणीवर ठेवतो आणि घणाने इंचाइंचाला ठोके घालत कमान चढवतो. तापवत नाही. दर थोड्या वेळाने एक डोळा मिटून आरपार पाहतो. मी म्हटलं, माझ्याकडे पट्टी आहे. म्हणाला, "पट्टीला काय कळतं!" मी मोजलं. दोन मिलिमीटरच्या आत होतं. हे वहीत लिहिताना मला थोडं वाईट वाटतं आहे.

उजव्या कमानीला त्याने बोटभर जास्त उठाव ठेवला. त्या बाजूला चालवणारा बसतो आणि डिझेलची टाकीही तिकडेच, म्हणून. वजन पडलं की दोन्ही बाजू सारख्या दिसतात. हे मला माहीत नव्हतं.

मेहुणीला एक ठोका मारून पाहायचा होता. मिस्त्रीने घण दिला. तिने मारला, तो ऐरणीवर. "ऐरणीने काय वाकडं केलं होतं तुमचं?" तो म्हणाला.

एक लक्षात आलं. आता तो तिला ताई म्हणत नाही. बाईही म्हणत नाही. काहीच म्हणत नाही, नुसतं बोलायला लागतो. थोडा उद्धटपणा वाटतो, पण तिने मनावर घेतलेलं दिसत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

घोटाळा.

काल मी बाजारात रोपं पोचवायला शेजाऱ्याच्या गाडीने गेलो होतो. तेवढ्यात मेहुणीने ठोकून परत आणलेले दहाही पाटे रॉकेलने घासून, पुसून, भांड्यांसारखे ओळीने लावून ठेवले. एकाही पाट्यावर खडूची खूण उरली नाही.

"किती घाण होती त्यांच्यावर! आणि कुणीतरी वेडंवाकडं खरडून ठेवलं होतं."

"ते मी लिहिलं होतं."

"अगंबाई," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण चकचकीत झाले की नाही?"

मिस्त्री आला, तेव्हा त्याला सांगितलं. त्याने पाट्यांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तीस वर्षांत इतके स्वच्छ पाटे पाहिले नाहीत." मी विचारलं, उजवे कोणते, डावे कोणते? म्हणाला, "साहेब, हाताला कळतं."

त्याने मिशी बारीक केली आहे. चेहरा ओळखू येत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कमानीच्या टोकांत बसवायचे रबरी बुश मिस्त्रीने पुन्हा चुकीच्या मापाचे आणले. ही दुसरी वेळ. मी आतला आणि बाहेरचा व्यास चिठ्ठीवर लिहून दिला होता. तीस वर्षांचा अनुभवी माणूस, आणि बुशाचं माप चुकतं. तो मात्र निवांत होता. "हरकत नाही, उद्या परत येतो," म्हणाला. नऊ दिवस उरले आहेत, हे मी त्याला सांगितलं. मेहुणी म्हणाली, "भावजी, घाई केली की काम बिघडतं."

मुलीचा फोन. "बाबा, मावशी काय म्हणते?"

"मिस्त्री काय म्हणतो ते सांगत असते."

"आणि मिस्त्री काय म्हणतो?"

"मावशीचा चहा चांगला असतो म्हणतो."

ती इतकी हसली की फोन ठेवावा लागला. यात हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही. माझी खोली तयार आहे, हे सांगायला ती आज विसरली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

बुश आले, बरोबर मापाचे. पाट्यांना ग्रीस लावून दोन्ही कमानी बांधल्या. मला तिथे थांबायचं होतं, पण मेहुणी म्हणाली, "भावजी, इथे धूळ आहे, तुम्हाला खोकला होईल. तुम्ही मागची रोपं बघा." मला खोकला नाही. तरी गेलो.

तिच्या केसांचा रंग बदलला आहे. विचारलं. म्हणाली, "डोकं दुखत होतं."

खरं सांगायचं तर मला भीती वाटते आहे. दिवसा कामात कळत नाही. पण हिच्या नोंदवहीत डिसेंबरची मागणी आहे, बारा ठिकाणी रोपं पोचवायची आहेत. आठव्या मजल्यावर गेलो तर ती वही बरोबर नेऊ की इथेच ठेवू, हे ठरत नाही. मुलगी वाईट नाही. खोलीचा रंगही चांगला असेल.

२६ नोव्हेंबर, बुधवार

कमानी सोमवारपासून बसवत होतो. आज दुपारी चारला संपलं. गाडी जॅकवरून खाली घेतली.

उजवीकडे कलली.

 मग मिस्त्री डोकं खाजवत म्हणाला, "नवीन कमान आहे. बसायला एक दिवस लागतो. उद्या बघा, सरळ होईल." मेहुणी म्हणाली, "माणसालासुद्धा नव्या घरात बसायला वेळ लागतो." मिस्त्रीने तिच्याकडे असं पाहिलं जणू तिने मोठा शोध लावला.

परवा तपासणी. उद्या दोघे बाजारात जाणार आहेत, मागे लावायच्या लाल परावर्तक पट्ट्या आणायला. दोन पट्ट्यांना दोन माणसं का लागतात ते विचारलं नाही.

दोघे आत चहाला गेले. मी मोजलं. उजवी बाजू तीन पूर्णांक एक सेंटिमीटर खाली. मग गाडीखाली गेलो. चिंचोक्याएवढा खड्डा डाव्या कमानीवर होता. म्हणजे उजवी कमान डावीकडे बसली आहे आणि डावी उजवीकडे. जो बोटभर उठाव इकडे हवा होता तो तिकडे गेला. हे एका दिवसात बसणार नाही आणि एका वर्षातही बसणार नाही.

आत जाऊन सांगणार होतो. खिडकीतून दिसलं, तो काहीतरी सांगत होता आणि ती पदर तोंडाला लावून हसत होती. हिच्या माघारी या घरात कुणी इतकं हसलं नव्हतं. आणि कारागिराला चारचौघांत चूक दाखवू नये. म्हणजे चारचौघे नव्हते, एकटी तीच होती. तरी गेलो नाही.

पिकअपमध्ये बसलो. डावीकडे, माझ्या जागेवर. कडी धरली नाही. हळूहळू घसरत उजवीकडे गेलो. बरोबर तिथेच थांबलो जिथे नेहमी थांबायचो. फक्त कोपर लागलं नाही.

बराच वेळ बसलो. मनात आलं, कुणाला काही सांगायचं नाही. परवा नापास होईल. गाडी अशीच राहील. पण ती भंगारात जाऊन अशी राहील आणि मी आठव्या मजल्यावर. मग हे असं राहून कुणाच्या उपयोगाचं?

घसरलेल्या माणसाला उठायला वेळ लागतो. पाय धरले होते.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दोघे नऊला गेले. मिस्त्रीने इस्त्रीचा शर्ट घातला होता. मेहुणी म्हणाली, "भावजी, डबा झाकून ठेवलाय. आम्हाला उशीर होईल, गर्दी असते."

त्यांची पाठ वळताच कामाला लागलो. मिस्त्रीची पेटी इथेच होती. पायऱ्या माझ्या वहीत होत्या, ११ तारखेच्या आणि या आठवड्याच्या पानांवर. फक्त उलट्या वाचायच्या.

सव्वानऊ: चाकांचे नट सैल केले. गाडीचा मागचा भाग उचलून सांगाड्याखाली ठोकळे लावले. चाकं काढली. दुसरा जॅक आसाखाली.

दहा: उजव्या बाजूचे, कमान आसाला आवळून धरणारे यू-बोल्ट सोडले. नवे असल्याने लगेच निघाले. एक नट नाकावर पडला.

अकरा वीस: उजवी कमान खाली. कमान एकट्याने उचलवत नाही. पोत्यावर ठेवून ओढली. शेजारीण कुंपणावरून पाहत होती. म्हणाली, "काय हो, काय करताय?" मी म्हणालो, "साफसफाई." अख्ख्या आयुष्यात मी एवढं सरळ खोटं बोललो नव्हतो. सोपं असतं.

एक: डावी कमान खाली. डबा खाल्ला नाही.

मधल्या बोल्टचं डोकं आसावरच्या भोकात बसता बसेना. पाऊण तास गेला. पाठीवर पडून मी काही शब्द उच्चारले. ते इथे लिहीत नाही. हे सगळे शब्द मी हिच्याकडूनच ऐकले होते, ही कोयंडा उघडताना म्हणायची. तिसऱ्या शब्दाला बोल्ट बसला.

चार चाळीस: चाकं लावली, गाडी खाली घेतली. आत जाऊन पट्टी आणली. तीनदा मोजलं.

फरक चार मिलिमीटर.

मग डाव्या जागेवर जाऊन बसलो. जिथे बसलो तिथेच राहिलो. थोडा वेळ वाट पाहिली. नंतर उतरलो, पेटीतली हत्यारं होती तशी लावली, साबणाने हात दोनदा धुतले आणि डबा खाल्ला.

दोघे साडेपाचला आले. पट्ट्या आणल्या होत्या, एक. दुसरी विसरली, मिस्त्री सकाळी आणून देणार. त्याने गाडी पाहिली आणि थबकला. मग मोठ्याने म्हणाला, "बघा साहेब! म्हटलं नव्हतं? बसली की नाही एका दिवसात?"

"बसली," मी म्हणालो.

"तीस वर्षांचा हात आहे," तो मेहुणीला म्हणाला. ती गाडीकडे न पाहता मान डोलवत होती.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भावजी, नखं किती काळी ती!"

"कुंड्या भरत होतो."

मिस्त्री माझ्या नखांकडे पाहत राहिला. मग नाकाकडे.  जाण्यापूर्वी पाना घेऊन गाडीखाली शिरला आणि यू-बोल्टचे आठही नट एकेक करून आवळले. एक अर्धा फेरा फिरल्याचा आवाज मी ऐकला. बाहेर आल्यावर कपडे झटकत म्हणाला, "सवय आहे, दुसरं काही नाही."

इस्त्रीचा शर्ट पार काळा झाला. मेहुणी त्याच्यावर चिडली आणि मग म्हणाली, काढून द्या, मी धुते.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दहाला तपासणी. जाताना मिस्त्रीने चालवली, मेहुणी मध्ये, मी डावीकडे. जागा तिघांना पुरेशी होती. तरी ते दोघे दाटीवाटीने बसले होते आणि माझ्या बाजूला हातभर जागा रिकामी. मी म्हटलं, सरका इकडे. मेहुणी म्हणाली, "असू दे, खिडकीचा वारा लागतो."

तपासनीस तोच. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून पाहिलं, पट्टी लावली. मी माझी पट्टी खिशात घट्ट धरून उभा होतो.

"पाच मिलिमीटर," तो म्हणाला.

"चार," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मेहुणीने माझी बाही ओढली. त्याने पुन्हा पट्टी लावली, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "बरं, चार. दहापर्यंत चालतात." शिक्का मारला. "कमानी कुणी बसवल्या?"

मी मिस्त्रीकडे बोट दाखवलं. मिस्त्रीने माझ्याकडे. तपासनिसाने वैतागून रकान्यात दोन रेघा ओढल्या.

बाहेर आल्यावर मेहुणी म्हणाली, "भावजी, मी रविवारी सामान हलवते. पंधरा दिवसांसाठी आले होते, पाच महिने होत आले."

"घरी जातेस?"

"जवळच."

"जवळ म्हणजे कुठे? पत्ता दे." मिस्त्रीला ठसका लागला. ती त्याची पाठ थोपटत राहिली आणि पत्ता द्यायचं राहून गेलं. रविवारी सामान पोचवायला पिकअप नेईन तेव्हा कळेलच.

मग दोघे म्हणाले, तुम्ही पुढे व्हा, आम्ही चालत येतो. पाच किलोमीटर आहे, आणि मेहुणीचे गुडघे दुखतात. मी तसं म्हणालो. ती म्हणाली, "आज नाही दुखत."

मी एकटाच निघालो. मुलीला कळवलं: पास. तिचं उत्तर आलं, खोलीत आता पोरांचा पसारा ठेवते, पण सुट्टीत यायचं, चालढकल नको. एरवी मी दुसऱ्या गियरच्या वर जात नाही आणि मागचे हॉर्न वाजवतात. आज वाटेत तिसरा गियर टाकला. मागून कुणी हॉर्न वाजवला नाही. एकदा डावीकडच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि रस्त्याकडे लक्ष दिलं.

बाराला घरी पोचलो. गाडी सावलीत लावली, फाटक ओढून घेतलं. मागच्या ओळीतल्या रोपांना दोन दिवस पाणी नव्हतं. नळ सोडला, पाइपाचं वेटोळं उलगडलं आणि तिथून सुरुवात केली.